तक्त्यात नसलेला नवरा

पाणीपुरवठ्याच्या त्या कार्यालयात बाईंना त्यांच्या नावानं कुणी हाक मारत नसे. तोंडावर नुसतं 'बाई', आणि पाठीमागे 'हजेरीबाई'. हे पाठीमागचं नाव बाईंना ठाऊक होतं, कारण त्या इमारतीत पाठीमागे बोललेलं बाईंना ठाऊक नसणं ही अशक्य कोटीतली गोष्ट होती. हजेरी त्या माणसांची घेत नसत. माणसांसाठी दारात अंगठा लावायचं यंत्र होतं. बाई हजेरी घ्यायच्या ती कॉम्प्युटरांची, आणि तीही रोज सकाळी अकराच्या ठोक्याला.

तळमजल्यावर जिन्याखाली त्यांची खोली होती. उंच माणूस आत शिरला की कपाळावर टेंगूळ घेऊनच बाहेर पडायचा. तिथे जाळीच्या कपाटात स्विच नावाचे तीन चपटे डबे एकावर एक बसवलेले होते. प्रत्येक डब्याला अठ्ठेचाळीस भोकं, प्रत्येक भोकात एक निळी वायर, आणि त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी कॉम्प्युटर. भोकांना पोर्ट म्हणतात. बाईंसमोर कुणी भोक म्हणालं, तर त्याला ते तिथल्या तिथे शिकवलं जाई.

प्रत्येक कॉम्प्युटरला जन्मतःच बारा अक्षरांचा एक पत्ता मिळालेला असतो. कॉम्प्युटर काही बोलला, म्हणजे वायरीतून काही पाठवलं, की डबा आपल्या तक्त्यात लिहून ठेवतो, हा पत्ता अमक्या पोर्टवर. तो तक्ता बघायचा म्हणजे काळा पडदा उघडायचा आणि हुकूम टाइप करायचा. अकरा वाजले की बाई चष्मा पुसत, खुर्ची पुढे ओढत आणि दोन बोटांनी टाइप करत, 'शो मॅक ॲड्रेस-टेबल'. एंटर दाबलं की पांढऱ्या ओळी सरसर खाली उतरत. त्या ओळी बाई इतक्या आवडीनं वाचत, की तितक्या आवडीनं त्यांनी लेकीची प्रगतिपुस्तकंही वाचली नसतील.

त्या डब्यांचा एक स्वभाव होता. एखादं मशीन पाच मिनिटं गप्प बसलं, की डबा त्याचा पत्ता तक्त्यातून खोडून टाकी. पुन्हा बोललं, की पुन्हा लिहून घेई. बाईंना हा स्वभाव अगदी पसंत होता. स्वतः त्या पाच मिनिटं गप्प बसल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं.

इमारतीतल्या सव्वाशे मशीनांचे पत्ते, निदान त्यांची शेवटची चार अक्षरं, बाईंना तोंडपाठ होती. माणसांची नावं त्या विसरत, पण ही अक्षरं नाही. जिन्यात कुणी भेटलं तर विचारत, "काय हो, तुमचा सेव्हन-बी-टू-एफ काल चार वाजताच झोपला? लवकर पळालात वाटतं?" त्या माणसाचा चेहरा पडायचा.

तक्त्यावरून बाईंना काय काय कळायचं, याला सुमार नव्हता. एकदा एकतीस नंबरच्या पोर्टवर एकाऐवजी चार पत्ते दिसले. बाई तडक दुसऱ्या मजल्यावर गेल्या, तक्रार विभागातल्या कारकुनाच्या टेबलाखाली वाकल्या आणि एक बुटांचं खोकं बाहेर ओढलं. खोक्यात एक छोटा डबा होता, आणि त्याला जोडलेला घरचा लॅपटॉप, लेकाचं खेळायचं यंत्र आणि कुणा मेव्हण्याचा प्रिंटर. "हे काय?" बाईंनी विचारलं. "बूट," कारकून म्हणाला. घाबरलेला माणूस काहीही बोलतो.

दुसऱ्यांदा, पंख्याखालच्या जागेवरून दोन लेखापालांची जुंपली होती. एक रजेवर गेला की दुसरा आपलं मशीन उचलून त्याच्या जागी आणायचा, आणि तो परतायच्या आत पुन्हा जागेवर. दोघेही कानावर हात ठेवत होते. बाईंनी वहीतून तारीखवार काढून दिलं, टू-टू-सी-नाइन हा बारा नंबरवरून छत्तीसवर कधी गेला आणि परत कधी आला. त्या दिवसापासून पंखाच दोघांच्या मधोमध बसवला गेला आणि वारा कुणालाच नीट लागेनासा झाला.

"माणूस थापा मारतो. तक्ता खोटं बोलत नाही," हे बाईंचं ठरलेलं वाक्य. ऑफिसात दिवसातून चारदा आणि घरी जेवताना एकदा.

घरी ते ऐकणारे एकच होते, त्यांचे यजमान. हेही त्याच कार्यालयात, त्याच तळमजल्यावर, बोळाच्या टोकाला असलेल्या अभिलेख खोलीत. सगळ्या शहराच्या पाण्याच्या नळांचे नकाशे त्यांच्या ताब्यात होते. म्हणून ते नकाशेवाले. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे कापडावर चिकटवलेले नकाशे ते मऊ ब्रशनं झाडायचे, कडेच्या कोपऱ्यांना नवा कागद लावायचे आणि पुन्हा गुंडाळून नळकांड्यात ठेवायचे. रस्ता खणताना जुनी झडप, म्हणजे नळाचा व्हॉल्व्ह, सापडेना, की साइटवरचा इंजिनिअर नकाशेवाल्यांकडे धावत येई. ते नकाशा उघडत, एका ठिकाणी बोट ठेवत आणि पुन्हा गुंडाळत. त्यात शब्द एखाददुसराच असे.

बोलणं हा नकाशेवाल्यांचा प्रांत नव्हता. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्या वर्षांतलं बोलणं दोघांत वाटायचं झालं, तर बाईंच्या वाट्याला पोतं आणि त्यांच्या वाट्याला वाटी आली असती. तेही कधी सुरुवात करायचे. त्यांची सुरुवात ठरलेली होती : "मी काय म्हणतो..." यापुढे ते काय म्हणतात हे फार थोड्यांना माहीत होतं, कारण तेवढ्यात बाईंना ते आधीच कळलेलं असे, किंवा कळलंय असं वाटलेलं असे.

दोघं एकाच स्कूटरवरून ऑफिसला येत. चालवायच्या बाई, मागे बसायचे नकाशेवाले, मांडीवर दोघांचे जेवणाचे डबे घेऊन.

त्या वर्षी नवे साहेब आले आणि पाठोपाठ नव्या इमारतीची बातमी आली. इमारत चकचकीत होती, मोठाल्या खिडक्यांची होती, फक्त तिच्यात बसायच्या जागा कमी होत्या. मग साहेबांनी प्रत्येक विभागाला विचारलं, तुमची माणसं किती? विभागप्रमुखांनी उत्तरं पाठवली. बेरीज एकशे साठच्या वर गेली. साहेबांनी डोक्याला हात लावला.

"माणसांना कशाला विचारताय साहेब?" बाई म्हणाल्या. "तक्त्याला विचारा."

साहेब पुराव्यावर जीव टाकणारे होते. त्यांना कल्पना भलतीच आवडली. ठरलं असं, की दहा दिवस रोज अकरा वाजता तक्ता काढायचा. त्या दहा दिवसांत जो पोर्ट एकदाही दिसला नाही, ती जागा रिकामी धरायची. त्या जागेवर कागदोपत्री कुणी असलंच, तर त्याची बदली शहराबाहेरच्या पंपघरावर. पंपघर म्हणजे बसनं अडीच तास. तिथे जाणाऱ्याला रोजचं येणं-जाणं जमण्यातलं नव्हतं, तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचं आणि शनिवारी घरी यायचं. शिवाय रिकामे पोर्ट बाईंनी लगेच बंद करून टाकायचे, म्हणजे कुणी मागाहून वायर लावून हक्क सांगायला नको.

"आणि बाई, यादी पोर्टच्या नंबरांची द्या," साहेब म्हणाले. "नावं नकोत. वशिला नको."

"मी नावं बघतच नाही," बाई अभिमानानं म्हणाल्या.

दहा दिवस बाईंचा रुबाब काय वर्णावा! अकराला पाच कमी असताना इमारतीत धावपळ उडायची. एरवी साडेअकराला टेकणारी माणसं पावणेअकरालाच मशीन सुरू करून बसायची. एका टंकलेखिकेनं तर रजेच्या दिवशी आपल्या मशीनवर खेळ चालू करून ठेवायला शिपायाला सांगितलं. रोज संध्याकाळी बाई स्कूटरवर सगळी हकिगत मागे वळून वळून सांगायच्या, आणि नकाशेवाले समोरून येणाऱ्या बसकडे डोळे लावून 'हं' म्हणायचे. त्यांनी मध्ये एकदा विचारलं, "नकाशे नव्या इमारतीत येणार आहेत का?"

"छे! नव्या इमारतीत ओल धरते म्हणे अजून. नकाशे पंपघराच्या गोदामात जाणार. तुमच्या जागेवर एक स्कॅनर येणार आहे. मजा आहे तुमची, आरामात बसाल."

"मी काय म्हणतो..."

"ते नंतर. आधी त्या खेळवालीचं ऐका."

अकराव्या दिवशी बाईंनी चौदा नंबरांची यादी दिली आणि स्वतःच्या हातानं एकेक करून चौदा पोर्ट बंद केले. नंबरांवरून नावं काढायचं काम आस्थापनेच्या मोठ्या कारकुनाकडे होतं. त्यानं काढलं. बारा जागा निवृत्त झालेल्या लोकांच्या निघाल्या. एक पोर्ट वर्षभर मेलेल्या प्रिंटरचा. उरला पहिल्या डब्यातला सतरा नंबर.

दुसऱ्या दिवशी फलकावर कागद लागल्यावर शिपाई धावत बाईंच्या खोलीत आला आणि चौकटीवर कपाळ आपटून घेतलं. कपाळ चोळत तो म्हणाला, "बाई, पंपघरावर एकाच माणसाची बदली झालीये."

"कुणाची?"

"कसं सांगू... तुमच्या घरातल्यांचीच."

बाई आधी हसल्या. मग फलकापाशी गेल्या. तिथे दहा-बारा जण आधीच उभे होते, आणि बाईंना पाहून ते सगळे एकदम सरकारी कागद वाचतात तसे गंभीर झाले. कागदावर नकाशेवाल्यांचं नाव होतं.

बाईंच्या तोंडाचा पट्टा त्या दिवशी कधी नव्हे तो बंद पडला. सव्वाशे पत्ते त्यांना पाठ होते. त्यांत नवऱ्याचा नव्हता. आठवून बघायचा प्रयत्न केला, एकही अक्षर आठवेना. कारण तो त्यांनी कधी बघितलाच नव्हता. नकाशेवाले सकाळी सव्वादहाला दहा मिनिटं आणि दुपारी साडेचारला दहा मिनिटं मशीन लावायचे, कोणता नकाशा कुठे गेला त्याची नोंद करायचे आणि बंद करून टाकायचे. मशीनच्या पंख्याच्या घरघरीनं त्यांचं डोकं उठायचं. अकराला सतरा नंबर रिकामाच असे. आणि ज्याला आपणच स्कूटरवर मागे बसवून आणलं, त्याची हजेरी कोण घेतं?

बाईंनी साहेबांचं दार गाठलं.

"साहेब, चूक झालीये. सतरा नंबरवर माणूस आहे."

"तक्त्यात होता?"

"नव्हता. पण आहे. एकोणतीस वर्षं आहे!"

साहेब अडचणीत सापडले. बाईंचं म्हणणं त्यांना पटत होतं, पण बाहेर फलकापाशी काय बोललं जाईल तेही दिसत होतं. त्यांनी थोडा विचार केला. "असं करू. उद्या अकरा वाजता पुन्हा तक्ता काढा. मी येतो, मोठे कारकून येतील, युनियनचे सेक्रेटरी येतील. सगळ्यांदेखत सतरा नंबर दिसला, तर बदली रद्द. नाही दिसला तर मला काही करता येणार नाही. तुम्हीच म्हणता ना..."

"म्हणते," बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा आपलंच वाक्य त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला नको होतं.

स्कूटरवर बसल्या बसल्या बाई सुरू झाल्या. "तुम्हाला कळत कसं नाही? दहा दिवस मी कंठशोष करतेय, अकराला मशीन चालू ठेवा, अकराला चालू ठेवा! साऱ्या जगानं ठेवलं. तुम्ही सोडून!"

"मी काय म्हणतो..."

"काही म्हणू नका. आता फक्त ऐका. उद्या पावणेअकराला मशीन लावायचं. लावायचं म्हणजे लावायचं. घरघर होऊ दे. कानात बोळे घाला."

"बरं."

घरी पोचल्यावर बाईंनी लेकीला फोन लावला. लेक सासरी, दुसऱ्या शहरात. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि इतकी हसली, की बाईंना फोन कानापासून लांब धरावा लागला.

"आई, तू बाबांनाच खोडलंस!"

"मी नाही, डब्यानं खोडलं."

"बरं, बाबांचं काय म्हणणंय?"

"त्यांचं काय म्हणणं असणार? त्यांचं कधी काही म्हणणं असतं का?"

नकाशेवाले शेजारीच पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली घेतला, तोंड उघडलं, बाईंच्या पाठीकडे थोडा वेळ बघितलं आणि पेपर पुन्हा वर धरला.

बाईंचा जीव मात्र टांगणीला लागला होता. दिवसभरात जो एखादाच शब्द बोलतो, त्या माणसाशिवाय घर कसं असेल, हे त्यांनी कधी मनात आणलं नव्हतं. भांडी घासता घासता त्यांनी ते मनात आणलं आणि त्यांना रडूच आलं. नळ मोठा सोडून त्या रडल्या. पाणीपुरवठ्यात नोकरी असूनही.

दुसऱ्या दिवशी अकराला पाच मिनिटं कमी असताना जिन्याखालच्या त्या एवढ्याशा खोलीत साहेब, मोठे कारकून, युनियनचे सेक्रेटरी आणि शिपाई असे चार जण दाटीवाटीनं उभे राहिले. चौघांपैकी तिघांनी येताना डोकं आपटलं होतं. बाईंनी चष्मा पुसला. एकदा पुसला, दोनदा पुसला. मग काळा पडदा उघडून हुकूम टाइप केला आणि एंटर दाबलं.

ओळी उतरल्या. पंधरा नंबर. सोळा नंबर. अठरा नंबर.

"सतरा?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी पुन्हा एंटर दाबलं. पंधरा, सोळा, अठरा.

"लावलं नाही बहुतेक मशीन," मोठे कारकून म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण फार नव्हतं.

"जा रे, बघून ये," साहेबांनी शिपायाला पिटाळलं. शिपाई बोळाच्या टोकापर्यंत पळत गेला आणि पळत आला. "चालू आहे साहेब! समोर बसलेत. कानात कापूस घालून!"

मशीन चालू, माणूस समोर, आणि तक्त्यात नाही. चौघंही बाईंकडे बघायला लागले. बाई पडद्याकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांना आठवलं. चौदा पोर्ट. एकेक करून. स्वतःच्या हातानं. त्यांत सतरा नंबर होता. परवापासून नकाशेवाल्यांची वायर मेलेली होती, आणि त्यांनी त्याबद्दल ब्र काढला नव्हता.

"साहेब," बाई म्हणाल्या, "मशीनचा दोष नाही. त्यांचा नाही. पोर्ट मी बंद केलाय. चूक माझी आहे."

बाईंनी चूक कबूल करणं ही त्या कार्यालयात आजवर न घडलेली गोष्ट होती. मोठ्या कारकुनांनी नकळत घड्याळात बघितलं, वेळ लक्षात राहावी म्हणून.

बाईंनी पोर्ट उघडला. कपाटातला सतरा नंबरचा दिवा नारिंगी झाला आणि तसाच राहिला. त्या डब्याला कुठलाही पोर्ट नव्यानं उघडला की अर्धा मिनिट विचार करायची सवय होती. त्या अर्ध्या मिनिटात पाच माणसं एका दिव्याकडे टक लावून उभी होती, आणि त्यातली एक पुटपुटत होती, "हो ना रे, हो ना." दिवा हिरवा झाला. बाईंनी हुकूम दिला. पंधरा, सोळा, सतरा.

सतराच्या पुढे बारा अक्षरं होती. शेवटची चार, नाइन-डी-फोर-ई. बाईंनी ती वाचली. पुन्हा वाचली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत ती अक्षरं त्या पहिल्यांदा बघत होत्या. त्यांना लाज वाटली, आणि त्या लाजेचं काय करावं ते कळेना.

"छान!" साहेब मोकळे झाले. "दिसला. बदली रद्द. मोठे कारकून, लिहून घ्या."

"मी काय म्हणतो..." दारातून आवाज आला.

नकाशेवाले कधी येऊन उभे राहिले ते कुणालाच कळलं नव्हतं. एका कानातला कापूस त्यांनी हातात घेतला होता, दुसरा कानातच होता.

"अहो, थांबा, झालं काम, आता तुम्ही—" बाई म्हणाल्या, आणि मध्येच थांबल्या. का थांबल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि हात मांडीवर ठेवले. खोलीत फक्त डब्यांच्या पंख्यांची घरघर राहिली.

नकाशेवाल्यांना इतकी मोकळी जागा मिळायची सवय नव्हती. ते थोडे गांगरले. मग म्हणाले, "मला जायचंय."

"कुठे?" साहेबांनी विचारलं.

"पंपघरावर. नकाशे तिकडे चाललेत. तिथल्या गोदामात उंदीर आहेत. आणि तिथली माणसं नकाशे उलट्या बाजूनं गुंडाळतात. कापड फाटतं."

"अहो, मग आधी का नाही सांगितलंत?"

नकाशेवाल्यांनी बोटांवर मोजलं. "तीनदा सुरुवात केली होती," ते म्हणाले.

सगळे बाईंकडे बघायचं टाळू लागले. एवढ्याशा खोलीत ते सोपं नव्हतं.

संध्याकाळी स्कूटरवर बाई चौकापर्यंत गप्प होत्या. चौकात त्यांनी स्कूटर कडेला घेतली, स्टँडवर लावली आणि वळून विचारलं, "अकराला मशीन मुद्दाम बंद ठेवत होतात?"

"आधी घरघरीसाठी," नकाशेवाले म्हणाले. "शेवटचे दहा दिवस मुद्दाम."

"म्हणजे मी रोज घसा फोडून सांगत होते, आणि तुम्ही..."

"हो."

"माझा एवढा कंटाळा आला तुम्हाला?" बाईंचा आवाज फाटला. शेजारून जाणाऱ्या रिक्षावाल्यानं वळून पाहिलं.

"नाही गं." नकाशेवाल्यांनी मांडीवरचे डबे नीट धरले. "तुला सांगितलं असतं, तर तू जाऊ नका म्हणाली असतीस. आणि तू म्हणालीस की मी राहिलो असतो. माझं काही चाललं नसतं. म्हणून म्हटलं, तक्त्यालाच सांगू दे."

'जाऊ नका' हेच बाईंच्या जिभेवर होतं. त्यांनी ते गिळलं. एवढी अवघड गोष्ट त्यांनी त्या दिवसात दुसऱ्यांदा केली होती. मग त्यांनी स्कूटर सुरू केली.

पुढच्या सोमवारी एका ट्रकमधून नकाशांची नळकांडी गेली आणि ड्रायव्हरशेजारी बसून नकाशेवाले गेले. बाईंनी त्यांच्या पिशवीत उंदरांच्या औषधाच्या सहा पुड्या, कापसाचं बंडल आणि सूचनांचा दोन पानी कागद भरून दिला. ट्रक वळेपर्यंत त्या बोलत होत्या. वळल्यावर थांबल्या, आणि मग फाटकापाशी नुसत्याच उभ्या राहिल्या.

घरी संध्याकाळ फार वाईट गेली. बाईंनी टीव्ही लावला, बंद केला. 'काय हो, ऐकलंत का,' असं दोनदा मोठ्यानं म्हणाल्या आणि मग ओशाळल्या. इतकी वर्षं आपण बोलत होतो ते कुणाला तरी उद्देशून बोलत होतो, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

आठ वाजता फोन वाजला.

"मी काय म्हणतो," पलीकडून नकाशेवाले म्हणाले.

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"इथं सगळं ठीक आहे. गोदाम कोरडं आहे. उंदीर आहेत, पण नकाशांच्या बाजूला नाहीत, वॉचमनच्या बिस्किटांच्या बाजूला आहेत. आणि ऐक ना, पंपांच्या मागे एक जुनी झडप आहे. आपल्या एकाही नकाशात ती नाही. एकाही! मी या भागाचे सगळे उघडून बघितले. चाक फिरतंय अजून. पाणी कुठे जातं ते मात्र इथं कुणालाच माहीत नाही. वॉचमनचा आजोबाही इथंच होता म्हणे, त्याची एक गोष्ट आहे, ती सांगतो तुला..."

नकाशेवाले बोलत राहिले. झडपेबद्दल, वॉचमनच्या आजोबाबद्दल, जलाशयावर संध्याकाळी उतरणाऱ्या पाणकोंबड्यांबद्दल, क्वार्टरच्या न लागणाऱ्या कडीबद्दल. त्यांचा आवाज एवढा सलग कसा येतो ते बाईंना ठाऊक नव्हतं. जरासा बसका होता, आणि गोष्ट रंगली की चढायचा. एकोणतीस वर्षांत त्यांनी तो असा ऐकला नव्हता. त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या होत्या, फोन कानाला घट्ट लावून, पाय वर घेऊन.

मागे शेगडीवर दूध उतू गेलं. बाईंनी न उठता हात लांब करून गॅस बंद केला आणि म्हणाल्या, "हं. मग पुढे?"